पप्पांची प्रार्थना

बालीगंज, कोलकाता
१४ डिसेंबर

प्रिय सलील,

फोनवर तू हो, बरं आणि मीटिंग आहे यापलीकडे जात नाहीस, म्हणून हे पत्र. तुझं मराठी वाचन बैलगाडीच्या चालीने चालतं हे ठाऊक असल्यामुळे अक्षर मोठं काढलंय. न्यू टाउन म्हणजे कोलकात्याचंच दुसरं टोक, काही सातासमुद्रापार नाही, तरी दीड वर्षात तुझी पावलं इकडे वळली नाहीत. असो. भांडायला लिहीत नाहीये. तुझी फार आठवण येते, एवढंच आहे.

नाताळच्या करंज्या केल्या. यंदा सारणात इथला खजुराचा नवा गूळ घातला, तुला आवडतो म्हणून. शेजारच्या शिखादी रोज विचारतात, छेले कोबे आशबे, मुलगा कधी येणार? मी नुसती हसते. हसायला बंगाली यावं लागत नाही.

परवा माळा आवरताना गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमधली आपली जुनी सतरंजी सापडली. पप्पा ऑफिसातून आले की त्याच सतरंजीवर आपण तिघं संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायचो. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आपल्याकडे देवाला बोले, घराला लागे! हे प्रभू, या घरातल्या आमटीत मीठ बेताने पडू दे. हे दयाळू पित्या, ज्याला गणितात काठावर मार्क पडले त्याला क्रिकेटचा कंटाळा येऊ दे. मी एक डोळा किलकिला करून बघायची, तर तू ओठ चावून हसत असायचास. प्रार्थनेत उलट बोलता येत नाही, हीच त्यांची सोय होती. पण तुला टायफॉइड झाला होता तेव्हा त्याच सतरंजीवर ते तुझं नाव घेऊन हुंदके देत होते, हे तुला माहीत नाही, कारण तू तापात होतास. तुझ्या तोंडावर कधी गोड शब्द बोलले नाहीत रे. रागासारखी त्यांची मायाही देवाच्याच पत्त्यावर जायची.

आणि मग ती प्रार्थनासभा. तुझा आणि आभाचा घटस्फोट होऊन महिनाही झाला नव्हता. चर्चच्या मंडळीतली माणसं घरी आली होती, बंगाली, तमिळ, सगळीच. एरवी पप्पा मराठीत प्रार्थना करतात; त्या दिवशी पाहुण्यांसाठी हिंदीत केली. ज्या मुलाला आपलं घर सांभाळता आलं नाही त्याला क्षमा कर, असं म्हणाले, आणि ते घरातल्या प्रत्येकाला कळलं. आमेन म्हणून डोळे उघडले तर तुझी खुर्ची रिकामी आणि दार उघडं. दर रविवारी मुलांच्या वर्गात, शब्दांनी माणसाला उभं करावं, पाडू नये, असं शिकवणारा हा माणूस! लोका सांगे ब्रह्मज्ञान. मी त्यांच्याशी किती दिवस अबोला धरला होता, तो तुझ्या कानावर आला नसेलच.

तेव्हापासून त्यांची प्रार्थना आटली आहे. मिठाबद्दल आता तक्रार नाही. नगरच्या आत्याचं नाव घेतात, शिखादींच्या गुडघ्यांसाठी मागतात, माझं नाव घेतात, आणि तुझ्या नावापाशी येऊन थांबतात. मीही डोळे मिटून बसून राहते. मग ते हळूच आमेन म्हणतात. पूर्वी मी त्यांच्या बोलण्याला वैतागायची. आता ही शांतता मला जास्त लागते.

आता बातमी. आम्ही कोलकाता सोडतोय. एक तारखेला सामान नगरला जाईल, दोन तारखेला आम्ही. उभं आयुष्य इथे काढलं, पण या वयात दोघांनीच कुणाच्या जिवावर राहायचं? घर सोडताना रिकाम्या खोलीत उभं राहून शेवटची प्रार्थना करायची, ही आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. गार्डन रीच सोडताना पप्पांनी ती केली होती, आणि तू भिंतीवरची तुझ्या उंचीची रेघ पुसायची नाही म्हणून रडला होतास.

काल खोकी बांधताना मी सहज म्हटलं, की या वेळी प्रार्थना जरा थोडक्यात करा, गाडी चुकेल. त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. मग म्हणाले, की ती सलीलने करायची. फोन तूच कर, माझ्याने जमणार नाही, असंही म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, त्याला सांग, माझ्याबद्दल देवाला काय सांगायचं असेल ते सांग म्हणावं, हिंदीत म्हणालास तरी चालेल, शिखादींनाही बोलावू, मी मधे बोलणार नाही, शेवटी आमेन म्हणेन. एवढं सगळं ते पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून बोलले, बाळा. फोनवर तू मीटिंग आहे म्हणाला असतास, म्हणून लिहून कळवते. दोन तारखेला सकाळी ये. सतरंजी मी खोक्यात भरलेली नाही.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझीच
आई