चौथ्या खोलीची पायरी

नाशिक, ५ नोव्हेंबर २०२४

ती. उमाकांतमामांस,
शि. सा. न. वि. वि.

फराळ पोचला. अनारसे मयूरीने एकटीने संपवले आणि आरोप तिच्या बाबांवर ढकलला. आता कामाचं. वीस वर्षं दवाखान्यात लोकांचं रक्त तपासून जे साठलं, ते बँकेत नुसतं पडून आहे. मयूरी दहावीला, पुढे तिचा खर्च उभा राहील. नंदुरबारला भाड्याच्या खोल्या घ्याव्यात, थोडे माझे पैसे, थोडं कर्ज, आणि हप्ता भाड्यातून फिटावा, असं मनात आहे. मग वाटलं, तुमच्या परसातल्या चार खोल्याच का नकोत? बाजारभावाने द्या, भाची म्हणून सूट मागणार नाही. तिचे बाबा, नवनीत, म्हणतात, तीस वर्षं घरमालकी केलेल्या माणसाचा सल्ला आधी घे.

मायेत उणं पडू देऊ नये.
आपली, रोहिणी

नंदुरबार, १२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रोहिणीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. संस्कृत शिकवणाऱ्याकडे लोक मुहूर्त विचारायला येतात. कर्जाचं विचारणारी तू पहिलीच. तर ऐक. भाड्यातून सगळा हप्ता फिटतो असं सांगणारा एकतर दलाल असतो, नाहीतर कवी. वर्षातले दोन महिने खोली रिकामी आणि एक महिना नळ-रंगाचा धर. उरलेल्या नऊ महिन्यांच्या भाड्यावर हिशेब बसव. सहा हप्ते आधीच बाजूला ठेव. दागिना गहाण टाकू नकोस. जागेच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून काढ, विकणारा सख्खा मामा असला तरीही. मामा असला तर विशेषच.

पहिल्या तीन खोल्या घे. चौथी विकाऊ नाही. तिच्यात माझी जुनी पुस्तकं आहेत.

लहान तोंडी मोठा व्यवहार करते आहेस, यश येवो.
तुझा मामा

नाशिक, २० डिसेंबर २०२४

ती. मामांस शि. सा. न.

घोडा घ्यायचा नसताना दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे दात मोजायला जाता, तेवढ्यात मी येऊन गेले. बँकेला खोल्यांचे फोटो हवे होते. शेजारच्या भिकुबाईंनी चौथी खोली उघडून दिली. मामा, आत एकही पुस्तक नाही. पायरीवर मात्र पाण्याने भरलेला तांब्या होता.

भिकुबाई म्हणाल्या की तेरा वर्षांत सात भाडेकरू आले आणि गेले. दुपारी तीनच्या उन्हात एक म्हातारी पायरीवर येऊन बसते म्हणे. घाबरू नको, ती काही करत नही, नुसती बशी ऱ्हास, आत येस नही, असं वर त्यांनी मलाच समजावलं. मी हसले. पण खोलीतून बाहेर पडताना पदर सावरून कडेने उतरले, बसलेल्या माणसाला पाय लागू नये म्हणून उतरतो तशी. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी फाटकापाशी पोचले होते.

हप्ता मी भरणार आहे. काय विकत आहात ते सांगा.
आपली, रोहिणी

नंदुरबार, २८ डिसेंबर २०२४

चि. रोहिणीस आशीर्वाद.

शोध अहवालात जे सापडत नाही ते लिहितो.

चौथ्या खोलीत वीरसिंग नावाचा शिक्षक राहायचा, धडगावकडचा. त्याची आई दिवलीबाई उपचारासाठी त्याच्याकडे आली होती. दुपारी पायरीवर ऊन खात बसायची आणि मी दिसलो की तांब्या पुढे करायची. दवाखान्यात ती गेली. वीरसिंगने विचारलं, गाडी येईपर्यंत तासभर आईला खोलीत ठेवू का, अंघोळ घालून नवं लुगडं नेसवतो. मला एवढंच सुचलं की मग ही खोली कुणी भाड्याने घेणार नाही. ते तोंडावर सांगायची लाज वाटली, म्हणून मी शास्त्राची ढाल केली. परक्या उंबऱ्यातून प्रेत नेलं तर दोष लागतो म्हणालो, आणि वर एक श्लोक म्हटला. नवी नवरी सासरचा उंबरा ओलांडते तेव्हा तिच्या स्वागताचा तो श्लोक. तोंडात तोच आला.

त्याने हात जोडले. दिवलीबाईला फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला लुगडं नेसवलं.

भाडं वाचवायला गेलो आणि ती खोली तेव्हापासून टिकून भाड्याने गेली नाही. या विनोदावर मी हसू शकत नाही. तांब्या मीच भरून ठेवतो. संध्याकाळी तो रिकामा असतो. उन्हाने आटत असेल.

आता खोल्या नको म्हणालीस तरी राग नाही.
मामा

धडगाव, ४ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस शि. सा. न.

पत्ता पाहून दचकू नका. भाडेकरू का जातात हे कळल्याशिवाय कर्जावर सही करू नये, हे तुम्हीच शिकवलेलं शहाणपण. घाटात जीपमध्ये अकरा माणसं आणि दोन कोंबड्या होतो. वीरसिंग गुरुजी शाळेतच भेटले. तुमचं नाव काढताच उभे राहिले.

त्यांना राग नाही. तो असता तर बरं झालं असतं. तो श्लोक त्यांनी त्याच दिवशी कागदावर उतरून घेतला होता. आईच्या दिवसाला दरवर्षी म्हणतात, मुलीकडूनही पाठ करून घेतलाय. मला म्हणून दाखवला, एकही चूक नाही. मी अर्थ सांगू शकले नाही.

मुलगी आशा जूनपासून नंदुरबारला नर्सिंग शिकणार आहे. चौथी खोली मिळेल का, असं त्यांनी फार संकोचून विचारलं. आणि हेही विचारायला सांगितलं, की तेरा वर्षांनंतर तो दोष शास्त्राप्रमाणे फिटलेला असतो का, आता त्यांच्या माणसांनी उंबऱ्याच्या आत यायला हरकत नाही ना.

मी चारही खोल्या घेते आहे. या प्रश्नाचं उत्तर मात्र खरेदीखतात बसत नाही. ते तुम्ही द्यायचं.
रोहिणी

नंदुरबार, जीपचा थांबा, ११ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणीस आशीर्वाद.

गाडी भरेपर्यंत लिहितो. चौथ्या खोलीची किल्ली भिकुबाईंकडे आहे. आशाकडून अनामत घेऊ नकोस. हा सल्ला नव्हे, विनंती.

वीरसिंगला श्लोकाचा अर्थ सांगायला निघालो आहे. तो पोस्टाने पाठवण्यासारखा नाही. आज तांब्या भरून पायरीवर ठेवला नाही, बरोबर घेतला. जीपवाल्या सुपडूला दोन जागांचे पैसे दिले. त्याने विचारलं, दुसरं माणूस अजून यायचं आहे का. मी म्हटलं, बसली आहे, खिडकीकडची जागा तिची, मधे कोंबू नकोस कुणाला.

त्याने एकदा तिकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाला मागे बसवलं.
मामा