अर्जदाराच्या टेबलावरील संगणक अर्जदारासच आत घेत नसल्याबाबत

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
वऱ्हाड बियाणे परीक्षण केंद्र, अकोला.

दि. २ जुलै २००९

विषय : अकोल्याचा मुख्य सर्व्हर बंद पडल्यापासून अमरावती शाखेत अर्जदाराचे लॉगऑन न होण्याबाबत व श्रीमती नसीमबानो यांचे होत असल्याबाबत.

संदर्भ : आपल्या संगणक कक्षाशी फोनवर झालेले बोलणे.

महोदय,

१. अर्जदार श्री. खुशालराव वानखडे, मुख्य लिपिक, सविनय कळवितो की, सोमवारी कनिष्ठ लिपिक श्रीमती नसीमबानो (यापुढे 'बाई') उशिरा आल्याने त्याने प्रथमच स्वतःच्या नावाने संगणक उघडू पाहिला. पासवर्ड बरोबर असूनही 'डोमेन उपलब्ध नाही' एवढेच आले. वायर काढून लावली, बंद-चालू केले, सर्व व्यर्थ. मग बाई येऊन बसल्या आणि संगणक मुकाट्याने उघडला. "मले काय मालूम बा, उघडला तर उघडला," असे त्या म्हणाल्या. अर्जदाराच्या पोटात दुखले, हे लपविण्यात येत नाही.

२. आपल्या कक्षाचे म्हणणे असे की, सर्व्हर बंद असता संगणक फक्त त्यालाच आत घेतो, जो पूर्वी त्याच संगणकावर स्वतःच्या नावाने शिरला आहे. महोदय, दसऱ्याला हा संगणक आला तेव्हा हार, हळदकुंकू, नारळ सर्व अर्जदाराने केले. पुढे बाईंनी टाइप करायचे व अर्जदाराने मागे उभे राहून सांगायचे, अशी रीत पडली. नारळ फोडला कोणी आणि ओळख कोणाची!

३. सोयाबीन उगवले नाही म्हणून शेतकरी उगवण अहवालासाठी येतात. अहवालाशिवाय दुकानदार बियाणे बदलून देत नाही, आणि पेरणीची वेळ निघून चालली. हे लोक अर्जदारासमोरून सरळ बाईंकडे जातात. नांदगाव पेठच्या पार्बताबाईंनी तर त्याच्यादेखत बाईंना विचारले, "आपा, हे भाऊ काहून बसून राहिले इथं?" आता शाखाधिकारी अहवालाचे टेबलच बाईंना देऊन अर्जदारास आवक-जावक खिडकीवर बसविणार आहेत. हे त्यास सहन होणार नाही.

४. सबब सर्व्हर तातडीने सुरू करून अर्जदारास एकदा तरी आत शिरू द्यावे व तोवर टेबल बदलू नये. ते न जमल्यास बाईंचीही ओळख पुसावी.

५. हस्तलिखित अर्ज आपण स्वीकारत नाही, म्हणून हा अर्ज बाईंनाच सांगावा लागला. मुद्दा ४ त्यांनी मान खाली घालून टाइप केला. अर्जदार पाणी पिऊन येईतो त्यांनी स्वतःहून ओळ घातली : 'खुशालभाऊशिवाय अहवालाचे टेबल चालत नाही. ते त्यांच्याकडेच ठेवावे.'

ही ओळ अर्जदाराची नाही, तरी राहू द्यावी. मुद्दा ४ मधील शेवटचे वाक्य रद्द समजावे. बाईंसाठी असे काही लिहिणे अर्जदारास सुचले नसते, याचाही त्यास हेवा वाटतो.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
नम्र
खुशालराव गुलाबराव वानखडे
मुख्य लिपिक, अमरावती शाखा