माझ्या जागी बसलेल्या काकू

आई, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. इथं मस्कतला एसीचे डक्ट बसवतो, दिवसभर शिडीवर असतो, आणि खाली उतरलो की तुझी शनिवारची शाळा आठवते. तू तिला शाळाच म्हणायचीस. केमो चालू असताना नारायण पेठेतल्या त्या हॉलवर तुला स्कूटरवरून सोडायचो. कॅन्सरची माणसं तिथं गोल बसून सावकाश श्वास घ्यायची, चित्रं रंगवायची, गाणी म्हणायची. यानं गाठ जात नाही, दिवस जरा सुसह्य होतात, हे तिथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी कुठं ऐकतोय. बाहेर चुळबुळत असायचो, म्हणून एकदा त्यांनी मलाही आत बोलावलं आणि हलक्या हातानं पाय चोळायला शिकवलं. केमोनं तुझ्या तळव्यांना मुंग्या यायच्या. मग रोज पोळ्या झाल्या की तू ओट्याखाली भिंतीला टेकायचीस आणि पाय माझ्या मांडीवर टाकायचीस. "नववीत शाळा सोडलीस," म्हणालीस, "पण यात पास झालास हो."

हळूहळू तू नीट जेवायला लागलीस, गुणगुणायला लागलीस. मस्कतच्या नोकरीसाठी एजंटचा फोन येतो तेव्हा तू मेथी निवडतेयस. मी म्हणतो, नको, पुढच्या वर्षी बघू. तू मान वर न करता म्हणतेस, "जा रे. मी आता बरी आहे. किती दिवस माझे पाय धरून बसणार?" आवाज जरासुद्धा हलला नाही तुझा. मी आलो इकडे. दिवाळीआधी तू गेलीस.

दहाव्याला मी घरी आलो, तेव्हा तुझ्या शनिवारच्या ग्रुपमधल्या एक काकू आल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. त्यांना वाटलं, मला सगळं ठाऊक आहे. घरी बोलता येत नाही ते तिथं दुसऱ्या कुणाला घरच्या माणसाच्या जागी समोर बसवून बोलायला लावायचे म्हणे. मी निघायच्या आधीच्या शनिवारी तू त्यांना माझ्या जागी बसवलंस. औषध आता लागू पडत नाही, असं डॉक्टर म्हणाले, हे त्यांना सांगितलंस. त्यांचा हात धरून म्हणालीस, "जाऊ नकोस रे."

त्यांना म्हणालीस. मी दाराबाहेर स्कूटरवर बसलो होतो, आई. हाक मारली असतीस तर ऐकू आली असती. परक्या बाईला खरं सांगितलंस आणि मला मेथी निवडत खोटं.

काकूंना विचारलं, मग माझ्या वतीनं तुम्ही काय म्हणालात?

"म्हटलं, थांबतो. दुसरं काय म्हणणार, बाळा?"

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. एजंटचा फोन आला तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. काकू जितक्या पटकन 'थांबतो' म्हणाल्या, तितक्या पटकन मी म्हणालो असतो का, ते मला अजून माहीत नाही.