ताईच्या काचेसाठी दोन थेंब जुना रंग

प्रति,
मा. अधीक्षक,
स्त्री-कर्करोग पूर्वतपासणी केंद्र

विषय : कुलपातील जुना रासायनिक रंग दोन थेंब मिळणेबाबत (अर्ज दुसरा)
संदर्भ : पहिल्या अर्जावरील आपला शेरा – "काचेवर पेशी दिसत नाहीत, सबब रंगाची गरज सिद्ध होत नाही."

महोदय,

१. शेरा वाचला. पेशी दिसत नाहीत, कारण रंग उडाला आहे. त्या दिसाव्यात म्हणूनच रंग मागते आहे. हे पहिल्या अर्जात माझ्याकडून नीट लिहिले गेले नसावे, क्षमस्व.

२. मी अकरा वर्षे या केंद्रात तपासणीच्या काचपट्ट्यांवरील पेशी रंगवते. विकतचा रंग बंद करून जास्वंदीच्या पाकळ्यांचा रंग करण्याची कल्पना माझीच, हे मान्य. माझ्या कृतीत तुरटी होती. तुरटीमुळे रंग पेशीला धरून राहतो. पण आपण "शंभर टक्के रसायनमुक्त" असा फलक आधीच रंगवून घेतला होता, आणि तुरटी पडली रसायन. आपण म्हणालात, "बाई, एवढ्याशा तुरटीसाठी आता फलक बदलायचा का?" मी कृतीतली तुरटीची ओळ स्वतःच्या हाताने खोडली. सकाळी रंग चढवला, दुपारी पाहिला, झकास दिसला. रंग चाचणीत उत्तीर्ण झाला. तज्ज्ञ डॉक्टर मात्र महिन्यातून एकदाच येतात, आणि तुरटीवाचून रंग नऊ दिवसांत उतरतो. वाईट पेशी तिच्या गडद केंद्रावरून ओळखतात. गडद काही उरलेच नाही, की बाई निर्दोष.

३. हे मला कळले ते माझ्या थोरल्या बहिणीच्या काचेवरून. जास्वंदी तिच्याच अंगणातल्या. मार्चमध्ये तिची काच मी रंगवली आणि त्याच दुपारी वेडीवाकडी, काळपट केंद्रे पाहिली. पण निदान लिहिण्याचा अधिकार तंत्रज्ञाला नाही, म्हणून तज्ज्ञांची वाट पाहिली. त्यांनी काच चोविसाव्या दिवशी पाहिली. ताईला "निर्दोष" असे प्रमाणपत्र मिळाले, पुढील तपासणी तीन वर्षांनी.

४. ताईने ते चौकटीत घालून दारासमोरच्या भिंतीवर लावले आहे. तिच्या अंगावरून सारखे जाते, कंबर धरून चालते. बाहेर तपासून घे म्हटले, की म्हणते, "गोल शिक्का आहे त्यावर. तुझा रंग, माझी फुलं, आणि आता खोटं? माझं बरं बघवत नाही का गं तुला?" जास्वंदीचा रंग एका काचेवर दुसऱ्यांदा चढत नाही; जुन्या रंगाने काच पुन्हा रंगवून समोर धरली तरच ती ऐकेल.

५. काल तिला उठवत नव्हते. तरी खाटेवरून बोट दाखवत तिने माझ्याकडून टोपलीभर फुले खुडून घेतली आणि आपणांस नमस्कार सांगितला. मी ती उकळली. दुसरे काय करणार, नोकरी आहे. आज बेचाळीस जणींच्या काचा रंगवल्या. तिघींच्या काचांवर ताईच्या होत्या तशाच पेशी आहेत, आज अगदी स्पष्ट दिसतात. तज्ज्ञ २८ तारखेला येतील. तोवर त्या तिघीही निर्दोष होतील.

६. कपाटाची किल्ली आपल्या खिशात असते. दोन थेंब पुरेत.

आपल्या किल्लीकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
तंत्रज्ञ, पेशी रंगविणे
दिनांक : ६ जुलै

सोबत :
१. तिघींच्या काचांचे क्रमांक.
२. ताईची काच. कोरी दिसते. कृपया पुसून पुन्हा वापरात घेऊ नये.