पहिल्या खुणेचे दगड न हलवण्याबाबत

प्रति,
मा. भूमापन अधिकारी,
वसाहत कार्यालय.

विषय: माळावरील वसाहतीच्या पहिल्या खुणेचे दगड आहेत तिथेच ठेवण्याबाबत.
संदर्भ: ‘अनधिकृत ढिगारा’ हटवण्याबाबत अर्जदाराच्या दारावर चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार हा गवंडी असून वसाहतीतील निम्म्या घरांचे पाये त्याच्या हातचे आहेत. जमीन मिळणार, एवढ्या एका शब्दावर जी कुटुंबे गाड्यांतून या माळावर उतरली, त्यांत अर्जदार, त्याची पत्नी आणि चार वर्षांची मुलगी होती. तेव्हा इथे गुडघाभर गवत होते, दुसरे काही नव्हते.

२. मुलीला वाटेत ताप भरला, तो इथे आल्यावरही उतरला नाही. डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर. ती गेली. अर्जदाराने तिला माळावरच पुरले. गवतात जागा दिसेना, वरून गाडीची चाके जातील या धास्तीने त्याने दगड रचले. गाडीत कामाचा चुना होता, तो कालवून दगडांना फासला. गवंड्याला दुसरे काय सुचणार?

३. पुढच्या आठवड्यात मोजणीदार आले. हद्दीचे दगड चुन्याने रंगवण्याची आपल्या खात्याची पद्धत. त्यामुळे ही खूण खात्यातल्याच कुणी आधी करून ठेवली असेल, असे समजून त्यांनी तिथूनच मोजणीची साखळी धरली. अर्जदार ओढ्यावर पाणी आणायला गेला होता. तो परतेपर्यंत शेते, रस्ता, विहीर, शाळा, सगळ्यांच्या जागा त्या दगडांपासून मोजून झाल्या होत्या. त्याने घडले ते सांगितले. मोजणीदार बिचारे भले गृहस्थ. पुन्हा मोजू म्हणाले आणि साखळी गोळा करू लागले. तेव्हा अर्जदाराची पत्नी म्हणाली, की राहू द्या साहेब, सगळ्यांची घरं तिच्यापासून मोजलीत, आता ती इथं एकटी नाही. मोजणीदारांनी तीच खूण कायम केली. वसाहत तशीच वसली.

४. आता फेरमोजणीत ही खूण चार हात चुकल्याचे निघाले म्हणे. चुकली असेल. पण त्याच मोजणीच्या विहिरीला पाणी लागले, त्याच शेतांत पिके आली. एकाही शेजाऱ्याची तक्रार नाही. सुतार तर म्हणतो, माझ्या शेतातून चार हात घ्या आणि मिटवा एकदाचे.

५. दगडांखाली मुलगी आहे असे कळवल्यावर आपल्या कार्यालयाने मृत्यूचा दाखला मागितला. त्यासाठी अर्जदाराने आपल्या कार्यालयाचे उंबरठे झिजवले. शेवटी खिडकीवरच्या बाईंनी समजावले, की मुलगी गेली त्या तारखेला ही वसाहत अस्तित्वातच नव्हती, सबब ती या वसाहतीत वारली असे लिहिता येत नाही. रहिवासी म्हणून नोंद नसल्याने ती इथे राहतही नव्हती. महोदय, इथे अर्जदाराने हात टेकले. मग ती कुठे आहे, तेवढे आपण लेखी कळवावे.

६. पत्नीला आता फारसे आठवत नाही. घरचा रस्ताही चुकते. मात्र त्या दगडांपाशी नेऊन उभी केली, की तिथून ती नीट घरी येते. दगड गेले तर तिला कुठून निघायचे तेच कळणार नाही, आणि ते तिला समजावून सांगणे अर्जदाराच्याने होणार नाही.

सबब विनंती, की खूण हलवू नये. आणि निर्णय झालाच असेल, तर यंत्र पाठवू नका. मला बोलवा. मीच खणले होते, मला माहीत आहे. कमरेइतके झाले की कुदळ बाजूला ठेवायची आणि माती हातांनी काढायची. तिच्या अंगावर आईची शाल आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
वसाहतीच्या पहिल्या रहिवाशाचा बाप

दिनांक: नोटिशीची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी

सोबत:
१. सुतार व इतर शेजाऱ्यांची संमती.
२. मुलीच्या जन्माचा दाखला, मूळ प्रत. तिचे दुसरे काहीच आमच्याजवळ नाही. पाहून झाल्यावर परत करावा.