दुसऱ्या मोजणीचा आलेख

४ फेब्रु., जळगाव
मोजणी आली एकदाची. आपल्याकडे एवढ्या थंडीसाठी लागणारं द्रव हेलियम नाही, म्हणून मिश्रधातूचा तुकडा बाहेर पाठवावा लागतो. दीड महिना ताटकळले. नऊ केल्विनच्या आसपास अतिवाहक होतो (विजेला रोध शून्य), ठीक. पण तिथून वर, थेट खोलीच्या तापमानापर्यंत थोडं चुंबकत्व शिल्लक! हे यायलाच नको.
सर (पीएचडीचे गाईड) खुर्चीतून उठलेच. "अगं, अतिवाहकता आणि चुंबकत्व एकत्र! कळतंय का?" पेढे मागवले. मीही खाल्ला. शंका होती तरी.

७ फेब्रु.
आठवलं. डायमंड कटर बंद होता, म्हणून तुकडा मी वर्कशॉपमध्ये हॅक्सॉने कापला होता. पातं पोलादी. कडेला लोखंडाचा कीस बसला असणार. ॲसिडने धुवायचा राहिला. गाढवपणा माझाच. सरांना सांगितलं. "बघू नंतर."
तोच तुकडा धुतला, परत पाठवला.

२२ मार्च
चुंबकत्व गायब! अतिवाहकता तशीच, त्याच तापमानाला. म्हणजे होता तो नुसता कीस.
सर म्हणे, "धुताना तुकडा खराब झाला असेल." खराब झाला तर अतिवाहक कसा राहिला? असं विचारलं. तर म्हणे, "पेपर जर्नलला गेलाय. पहिलं नाव तुझं टाकलंय, आणखी काय पाहिजे?"
मला न विचारता! माझं नाव!! हातातली बाटली आपटून ठेवली, फुटली.

३० मार्च, चोपडा
घरी. आईला सगळं सांगितलं. ती केळीची पानं पुसत होती. "सर मोठा मानूस शे. त्यासले काय सांगशी तू? चार वरीस गयात, आते गप ऱ्हाय."
तिच्यावरच ओरडले. नाना (वडील) ओट्यावरून आत आले. "चूक तुनी शे ना? मंग तूच सांग." एवढंच बोलून मोटर चालू करायला गेले. आईची माफी मागायची राहिली.

१२ एप्रिल, धुळे
एका कॉलेजात परिषद. सर म्हणाले, 'अतिवाहकता आणि चुंबकत्व एकत्र' हे पोस्टर तू लाव. लावलं. पहिल्या आलेखाशेजारी दुसरा पण लावला.
एका मॅडमनी वाकून पाहिलं. "हा धुतल्यानंतरचा?"
"हो."
"मग शीर्षक चुकलंय की तुमचं."
"चुकलंय," मी म्हटलं. सर मागेच उभे होते.
परतताना पारोळ्याजवळ सरांनी गाडीतला रेडिओ बंद केला. मग, "प्रबंधावर सही माझी लागते. लक्षात असू दे."
गाडीतून उतरून चालत जावंसं वाटलं. उतरले नाही. तेही डाचतंय.

१४ एप्रिल
संपादकांना पत्र लिहिलं. पेपर मागे घ्यावा, कारण हे, चूक माझी. दोन्ही आलेख जोडले. सरांना प्रत. तीनदा वाचलं, पाठवलं. राग थोडा ओसरला, किंवा नुसती दमलेय.

३ मे
संपादकांचं उत्तर. दोघांनीही स्वतंत्रपणे लेखी खुलासा द्यावा, तोवर पेपर थांबवला आहे.
दुपारी सरांनी बोलावलं. माझ्या पत्राचा प्रिंट टेबलावर, लाल रेघा मारलेला. दार लावायला सांगितलं.
"खुलासा आपण एकच देऊ. मी लिहितो, तू सही कर."
"दोघांनी वेगळा द्यायचाय, सर."
सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले. पहिल्यांदाच म्हातारे वाटले, आणि त्याचीही चीड आली मला.
"उद्या सांग," म्हणाले.
म्हटलं, आजच लिहितेय.
चार ओळी झाल्यात. पुढे दोन्ही आलेख जोडायचेत.