खरवडलेले डोळे

१२ सप्टेंबर १९७१

घुमटाच्या डागडुजीचं काम संपलं एकदाचं! मान मोडून गेली. सहाशे वर्षांत दोनदा कोसळला, दोनदा चढवला — कुठली वीट कधीची, आता झोपेतही सांगेन. उद्यापासून कॅथीड्रलच्या खालच्या भिंतींवरची जुनी चित्रं पुन्हा रंगवायची. तिथे खालच्या रांगेतल्या एकाही संताला डोळे नाहीत. दारावरची पाटी म्हणते, तुर्की सैनिकांनी भाल्यांनी फोडले. थापा! भाले असते तर वरची रांग वाचली कशी? बाईमाणसाचा हात पोचेल तेवढंच खरवडलंय. बहुतेक चमच्याने.

१५ सप्टेंबर

आईला विचारलं. भाजलेल्या मिरच्या सोलता सोलता हसली. "आम्हीच गं. डोळ्यांचं दुखणं आलं की संताच्या डोळ्याचा चुना खरवडायचा, पाण्यातून पाजायचा. मी संत पेत्काचे प्यायले. सात वर्षांची होते, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी अंगणातला कोंबडा दिसला."

आमचे मुख्य बोगोल्युब म्हणाले, "पाटीवर हे लिहू? बिशप मला भिंतीत चिणतील." खूप हसलो.

२० सप्टेंबर

संत पांतेलेमोनला डोळे दिले. छान उतरले.

२१ सप्टेंबर

घंटा वाजवणारे रादिसाव काका जिन्यावरून पडले. पायरी दिसलीच नाही. दोन्ही डोळे गेले, एकदम. डॉक्टर म्हणतात, वय झालं. आई म्हणाली, "वय कसलं? लहानपणी पांतेलेमोनचे प्यायला होता तो." कालच रंगवले मी ते.

२४ सप्टेंबर

पेत्काच्या फक्त डाव्या डोळ्याची बाहुली रंगवली — हे सगळं खोटं ठरावं म्हणून. घरी आले तर आईने सुरीने अंगठा कापून घेतलेला. "डावीकडे धुकं आलंय गं." धावत परत गेले, रंग पुसला. पण ओल्या चुन्यात थोडा मुरलाच होता. आईचं धुकंही थोडं राहिलंय. आणि मी म्हणे शिकलेली बाई.

२८ सप्टेंबर

बोगोल्युबच्या पाया पडायचीच बाकी होते. शेवटी म्हणाले, "बरं बाई, पेत्का ठेव तशीच, नमुना म्हणून. पण तिच्या शेजारची संत नेदेल्या उद्या संपव. नाहीतर सामान बांध, दुसरा कुणी रंगवेल दोघींना."

म्हणजे आई वाचली.

२९ सप्टेंबर

नेदेल्याला डोळे दिले. तिचे कोण प्यायलं असेल? असेल कुणीतरी, केव्हाच मेलेलं. आईला विचारता आलं असतं. मुद्दाम विचारलं नाही. नाव कळलं असतं तर कुंचला उचलवला नसता.

३० सप्टेंबर

आईला म्हटलं, दिवा लाव, अजून उजाडलं नाही. म्हणाली, "दहा वाजलेत गं."

कागदाची कड चाचपत लिहितेय. तिला नेदेल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "तीन वर्षांची होतीस. गोवरात डोळे गेले होते तुझे. मला विचारायचंस तरी."